दिवसभर उपाशी, रात्री ‘व्यसनी’

गोड समोर आलं की हात थांबत नाही, बिस्किटांचा पुडा संपेपर्यंत भान राहत नाही, आणि मग स्वतःचीच चीड येते. ‘मला खाण्याचं व्यसन लागलंय का?’ हा प्रश्न हल्ली माझ्याकडे फार येतो. विचारणारे बहुतेक जण उत्तर ठरवूनच आलेले असतात. त्यांना माझ्याकडून फक्त शिक्षा ऐकायची असते: काय काय बंद करू, सांगा.

जिच्याबद्दल लिहितेय (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत), ती तर पुरावे घेऊनच आली होती. ‘येल फूड ॲडिक्शन स्केल’ ही प्रश्नावली तिने फोनवर भरली होती आणि निकाल आला होता ‘तीव्र’. शिवाय तिने वाचलं होतं की व्यसनी माणसाच्या मेंदूत डेल्टा फॉस-बी नावाचं प्रथिन साठत जातं. “मॅडम, म्हणजे माझा मेंदूच बदललाय ना? हे प्रथिन मोजायची टेस्ट कुठे होते?”

अशी टेस्ट कुठेच होत नाही, हे मी आधी सांगितलं. हे प्रथिन मेंदूच्या पेशींच्या आत असतं. ते रक्तात उतरत नाही. ते पाहायचं तर मेंदूची ऊतीच हाती असावी लागते, म्हणजे प्रयोगातला प्राणी किंवा मृत्यूनंतरचा मेंदू. एवढं ऐकून तिचा चेहरा जरा सैल पडला. मग मी विचारलं, “आज सकाळपासून काय खाल्लंत?”

संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. दोन कप काळी कॉफी आणि एक सफरचंद.

“आणि काल?”

“कालही तेच. दिवसभर माझा कंट्रोल एकदम चांगला असतो हो. रात्रीच घात होतो.”

दिवसभराची उपासमार तिच्या लेखी जमेची बाजू होती. तक्रारीत ती नव्हतीच. येल स्केलमध्येही ती नाही. २००९ मध्ये आलेली आणि २०१६ मध्ये सुधारलेली ही प्रश्नावली ताबा सुटणं, तलफ, सोडण्याचे फसलेले प्रयत्न असं बरंच काही विचारते, पण दिवसभरात तुम्ही पुरेसं जेवलात का, हे विचारत नाही. त्यामुळे ॲनोरेक्सिया असलेल्या, म्हणजे अगदी हाडं दिसेपर्यंत कमी खाणाऱ्या कितीतरी जणांचा निकालही ‘व्यसनी’ असाच येतो. रात्रभर जागलेला माणूस दुपारी बसल्या जागी पेंगला, तर आपण त्याला झोपेचं व्यसन लागलं म्हणत नाही.

‘साखरेचं व्यसन’ म्हणून सगळीकडे फिरणारी माहिती बरीचशी बार्ट होबेल आणि निकोल अवेना या संशोधकांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांवर केलेल्या प्रयोगांवरून आलेली आहे. त्या उंदरांना रोज बारा तास उपाशी ठेवून मग साखरेचं पाणी आणि खाणं दिलं जाई. ते साखरेवर तुटून पडत, आणि दर वेळी त्यांच्या मेंदूच्या सुखकेंद्रात, न्यूक्लियस ॲकम्बन्समध्ये, डोपामिन हे ओढ जागवणारं रसायन उसळे. ज्यांच्यासमोर साखर आणि खाणं दिवसभर होतं, त्यांच्यात नवलाई ओसरल्यावर ही उसळी राहिली नाही. साखर दोघांनाही मिळत होती, उपास मात्र पहिल्यांनाच होता. बातम्या सांगताना नेमका तेवढाच भाग गळतो, आणि मला याचा मनापासून राग येतो.

डेल्टा फॉस-बीचंही तसंच. कोकेनने ते वाढतं हे खरं, पण साखरेने, चाकावर पळण्याने, सततच्या ताणानेही वाढतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उंदरांचं खाणं नुसतं कमी केलं, तरी ते सुखकेंद्रात वाढलेलं दिसलं. आणि ते वाढलं की उंदीर स्निग्ध खाण्यासाठी जास्त धडपडतात, शिवाय शरीर ऊर्जाही हात राखून खर्च करतं. म्हणजे व्यसनाची खूण म्हणून तिने जे प्रथिन वाचलं होतं, ते निव्वळ उपासमारीनेही वाढतं. एकदा तयार झालं की ते काही आठवडे टिकतं, कायमचं मुक्काम ठोकत नाही.

भुकेच्या बाजूने काम करणाऱ्या चेतापेशी वेगळ्या. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या एजीआरपी पेशी पोट रिकामं असलं की जाग्या होतात. जठरातून येणारं घ्रेलिन हे संप्रेरक त्यांना चेतवतं, आणि त्यांना आवरणारं, चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरक उपास सुरू होताच झपाट्याने उतरतं, चरबी फारशी घटलेली नसली तरी. पोट भरलेल्या उंदराच्या याच पेशी प्रयोगशाळेत चेतवल्या, तर तो काही मिनिटांत पुन्हा खायला लागतो. हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे रात्री मी हरते ती सकाळच्या मलाच?”

माणसांचं उदाहरण हवं होतं तिला. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी, मनाने खंबीर म्हणून निवडलेल्या तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं. ही साधी जेवणारी माणसं पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटं चाटू लागली. निर्बंध उठल्यावर काही जण पोट दुखेपर्यंत खात आणि तरी भूक भागली नाही म्हणत.

उपाय ऐकून तिला धक्का बसला. व्यसन म्हटलं की बंदी. ती ‘गोड कायमचं बंद’ लिहायला वही उघडून बसली होती. मी सांगितलं, उठल्यावर तासाभरात खायचं, आणि मग तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही: तीन जेवणं, मध्ये दोन वेळा थोडं. रात्री काही झालं तरी दुसऱ्या दिवशीचा नाश्ता चुकवायचा नाही. खाण्याच्या विकारांसाठी ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी घडवलेल्या उपचारपद्धतीतही नियमित खाणं असंच सुरुवातीला येतं. काय खावं हे आहारतज्ज्ञांनी ठरवलं, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड डॉक्टरांनी पाहिलं.

पहिले काही आठवडे वाईट गेले. नाश्ता केला की तिला दिवसच हातातून गेल्यासारखं वाटे, आणि एकदा तर तिने येणंच थांबवलं. मग आईला घेऊन आली. आईचा प्रश्न वेगळाच निघाला. “हिच्या वेळी मला काही पचायचंच नाही. जन्मली तेव्हा वजन फार कमी होतं. माझ्यामुळे झालं का हे?”

गर्भात आणि अंगावर पिताना प्रथिनं कमी मिळालेल्या उंदरांच्या पिल्लांवर प्रयोग झाले आहेत, आणि मोठेपणी गोड-स्निग्ध खाण्याकडे त्यांची ओढ वाढलेली आढळते. म्हणून प्रश्न गैर नव्हता. पण उंदरात दिसलेली ओढ म्हणजे या मुलीच्या रात्रीचं कारण नव्हे. तिचं कारण समोर होतं, रोज सकाळी नव्याने घडत होतं. “ताई, तेव्हा तुमचं काही चुकलं नव्हतं,” मी म्हटलं. “आत्ता एक करा. ती खात असताना ताटाकडे बघू नका आणि वजनाचा विषय काढू नका.” त्यांनी ते मनापासून पाळलं.

रात्रीची खा-खा हळूहळू विरळ झाली, पूर्ण गेली नाही. गोडाची आवड आहेच, ती असू दे. वजन सुरुवातीला थोडं वाढलं, त्यावरून आमचे बरेच वाद झाले आणि अजूनही होतात.

सगळ्यांचं असंच असतं असं नाही. दिवसा नीट जेवूनही ज्यांचा ताबा सुटतो, त्यांच्याबाबत बिंज इटिंग डिसऑर्डरचा, म्हणजे वारंवार ताबा सुटून खूप खाण्याच्या आजाराचा, विचार करावा लागतो. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत तो स्वतंत्र आजार आहे, ‘खाण्याचं व्यसन’ मात्र तिथे नाही. खाऊन उलटी काढत असाल तर आधी डॉक्टर, मग मी. आणि ज्यांचं वजन फारच खाली गेलंय किंवा ज्यांच्या पोटात बरेच दिवस जवळपास काहीच गेलेलं नाही, त्यांनी हे वाचून एकदम भरपेट जेवायला सुरुवात करू नये. अशा शरीरात खाणं अचानक वाढलं की रक्तातलं फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. तिथे खाणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली, तपासण्या करत वाढवायचं असतं.