गोबरगॅस आणि डिझेल इंजिन: तुमचे प्रश्न

उन्हाळा लागला, विहिरी खोल गेल्या, की तेच प्रश्न पुन्हा येतात. यंदा एकत्र उत्तरे देतो.

नुसत्या गोबरगॅसवर डिझेल पंप चालेल का? (यावल)
नाही. गॅस पेटवायला डिझेलचा थोडा फवारा लागतोच.

५ एचपीचे इंजिन रोज ४ तास चालवायला शेण किती? (चोपडा)
तासाला सव्वादोन घनमीटर गॅस धरा. दिवसाचे ९ घनमीटर, म्हणजे सव्वादोनशे किलो ताजे शेण. दोन म्हशींवर भागणार नाही.

दुकानदार म्हणतो, इंजिनात गोबरगॅस सोडायच्या किटने ९० टक्के डिझेल वाचते. पण गॅसचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की इंजिन ठोकते. (शिरपूर)
आधी व्हॉल्व्ह अर्ध्यावर आणा, मग पुढचे वाचा. ९० चा आकडा किट खपवायला असतो. चांगल्या लोडवर ६०-७० टक्के वाचले तरी भरपूर. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलचे टोक त्यातून जाणारे डिझेलच थंड ठेवते. ते फार घटले की टोकावर काजळी धरते आणि फवाऱ्याऐवजी धार पडते. त्यात मे महिन्यातली ४५ अंशांची हवा ओढली, की कोंडलेला गॅस एकदम भडकतो. ठोका तोच. असेच चालवले तर पिस्टन आणि हेड गॅस्केट जाते.

लोड हलका असला तर वेगळाच घोटाळा. गॅस इतका विरळ असतो की आग कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, आणि न जळलेला मिथेन सायलेन्सरमधून निघून जातो. धूर दिसत नाही म्हणून लोक त्याला स्वच्छ म्हणतात! १०० वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो. लोड एक तृतीयांशाच्या खाली असेल तर गॅस बंदच ठेवा.

चालवायची रीत अशी: इंजिन डिझेलवर चालू करा. दहा मिनिटांनी, पाणी पूर्ण पडू लागले की गॅस हळूहळू सोडा. इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल आपोआप घटवतो. ठोका आला की मागे या. बंद करताना आधी गॅस, मग डिझेल. नोजल मात्र पंप-नोजलवाल्याकडून टेस्ट करून घ्याच.

ऑइल लवकर काळे पडते, बुशही खाल्ले. (रावेर)
गोबरगॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. ओलाव्यात त्याचे आम्ल होते, ते बुशचे पितळ-कांस्य खाते. गॅस गंजलेल्या लोखंडी किसाच्या पिंपातून आणा. कीस काळा पडला की बदला. काढलेला कीस हवेत तापतो, तो ओला करून कडब्यापासून लांब पसरा. ऑइल एरवी जितक्या तासांनी बदलता त्याच्या निम्म्या तासांनी बदला. खाल्लेले बुश मेकॅनिकला दाखवल्याशिवाय इंजिन चालवू नका.

गॅस कमी पडला तर घरचा सिलिंडर जोडू का? (शहादा)
नाही. बेकायदा आहे, आणि एलपीजी मिथेनपेक्षा लवकर ठोकतो. जोडला असेल तर आजच काढा आणि रेग्युलेटर, नळी एजन्सीच्या माणसाकडून तपासून घ्या.