जळालेला कनेक्टर फेकू नका

प्रश्न: मी दोंडाईच्याचा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. कंपनीचा तयार डेस्कटॉप घेतला होता. वर्षभराने जळगावच्या दुकानदाराकडून 27,000 रुपयांचं आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्ड घेतलं. मशीनचा एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज देणारा डबा) 300 वॉटचा आहे, चालेल का, असं व्हॉट्सॲपवर विचारलं, तर 'बिनधास्त चालेल' असं उत्तर आलं. 500 रुपये घेऊन त्यानेच बसवून दिलं. ऐन लगीनसराईत, वीस दिवसांत, रेंडर चालू असताना जळका वास आला आणि मशीन बंद पडलं. मदरबोर्ड गेला, एसएमपीएस मात्र अजून चालतो. कंपनी म्हणते वॉरंटी संपली, दुकानदार म्हणतो तुमच्या गावची लाईट कमी-जास्त होते. आते काय करू, वकीलसाहेब?

उत्तर: भाऊ, कंपनीच्या मागे लागू नका, हे आधी सांगतो. बाहेरचा भाग बसवल्याने झालेलं नुकसान वॉरंटीच्या अटींत बहुधा वगळलेलं असतं, आणि इथे तर चूक कंपनीची दिसतच नाही. तुमचा माणूस जळगावात आहे.

तुम्ही पाठवलेला फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला. हार्ड डिस्कला वीज देणारी साटाची पिन, तिला जोडलेलं कार्डाचं आठ पिनचं ॲडॉप्टर आणि मध्ये काळं पडून वितळलेलं प्लॅस्टिक. कार्डाला 170 वॉट लागतात. मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त 75 मिळतात, म्हणजे उरलेले 95 त्या वायरीतून ओढले जाणार. एका साटा प्लगची 12 व्होल्टवरची क्षमता आहे 54 वॉट. बैलगाडीवर ट्रकचा माल लादला, तर आख मोडणारच! शिवाय या कार्डासाठी उत्पादकाची शिफारसच 550 वॉटच्या एसएमपीएसची आहे. विकणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

लाईटचं म्हणाल तर तुम्हीच लिहिलंय की एसएमपीएस अजून चालतो. दाब वाढला असता तर आधी तो गेला असता, असा युक्तिवाद आपण करू. पण तो माझ्या तोंडून नको, तंत्रज्ञाच्या लेखी अहवालातून यायला हवा.

आता कायदा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधलं कलम 87 दुकानदाराचा वकील नक्की काढणार: वस्तूत फेरफार झाला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीचा, दावा करता येत नाही. म्हणून आपण त्या वाटेने जायचंच नाही. फेरफार दुकानदारानेच केला, त्याचे पैसेही घेतले. आपली तक्रार कलम 2(11) खाली, सेवेतल्या त्रुटीची. बिलावर फक्त कार्ड आहे, फिटिंगचे 500 लिहिलेले नाहीत. ही आपली कच्ची बाजू. फोन-पेने दिले असतील तर उतारा काढा. रोख दिले असतील तर व्हॉट्सॲपवरची बोलणीच कामाला येतील. ती डिलीट करू नका, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत जोडू.

दुसरा आक्षेप येईल तो धंद्याचा. 'व्यापारी कारणासाठी घेतलं, हा ग्राहकच नव्हे.' स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरलेली वस्तू या अपवादात बसत नाही, असं कायदाच सांगतो. तुम्ही एकटे बसून एडिटिंग करता, हे तक्रारीत स्पष्ट लिहायचं. पाच पोरं कामाला ठेवून स्टुडिओ चालवत असता, तर मी इतका निवांत नसतो.

जळगावला हेलपाटे मारायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथेही दाखल करता येते, म्हणून धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षं. वकील नेमायचं बंधन नाही, हे माझ्याच धंद्याच्या विरोधात सांगतोय. त्याआधी दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस द्या, 15 दिवसांची. नोटीस हातात पडली की बरेच दुकानदार तडजोडीला येतात, कारण 35-40 हजारांसाठी धुळ्याच्या तारखा त्यालाही परवडत नाहीत.

मागणी मापात ठेवा: मदरबोर्डचा खर्च, कार्ड बिघडलं असेल तर त्याची किंमत, हातून गेलेल्या लग्नांच्या ऑर्डरी आणि मनस्तापाचं काहीतरी. ऑर्डर गेली याला पुरावा लागतो. इसार परत केल्याचा मेसेज असेल तर उत्तम. पाच लाख मागितले, तर आयोग चष्म्यावरून बघेल.

सीझन गेलाय, मशीन लवकर चालू करायचंय, कळतं. पण आधी धुळ्यातल्या एखाद्या जाणत्या तंत्रज्ञाला ते आहे तसं दाखवा. एसएमपीएसवरच्या स्टिकरचा आकडे वाचता येतील असा फोटो काढा, त्याच्याकडून सही-तारखेचा अहवाल घ्या, आणि मगच नवा बोर्ड आणा. ते वितळलेलं ॲडॉप्टर मात्र पाकिटात घालून कपाटात ठेवा.