संवर्धित मांस आणि सीरमचा प्रश्न: वाचकांच्या शंकांना उत्तरे

प्रश्न: संवर्धित मांस म्हणजे प्राण्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून तयार केलेले मांस. या पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात, त्या माध्यमात ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि क्षार असतानाही त्यांना सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, कशासाठी लागते?

उत्तर: पोषण मिळाले म्हणून पेशी विभाजित होतेच असे नाही, त्यासाठीचा संदेश तिला बाहेरून मिळावा लागतो. वासराच्या गर्भाच्या रक्तापासून तयार होणाऱ्या सीरममध्ये असे संदेश देणारे वृद्धिघटक व संप्रेरके, लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन, मेदाम्ले वाहणारे अल्ब्युमिन आणि पेशींना पृष्ठभागावर धरून ठेवणारी प्रथिने एकत्र मिळतात, म्हणून माध्यमात १० ते २० टक्के सीरम घालण्याची पद्धत रूढ झाली. मात्र ते मिळवण्यासाठी गाभण गाईची कत्तल व्हावी लागते. प्राणी न मारता मांस मिळवण्याच्या हेतूलाच त्याने छेद जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: त्याऐवजी एखादा वनस्पतिजन्य पदार्थ वापरता येईल का?

उत्तर: एकाच पदार्थाने भागत नाही, सीरमची कामे सुटी करून प्रत्येकाची वेगळी सोय करावी लागते. इन्सुलिन, ट्रान्सफेरिन आणि एफजीएफ-२ हा वृद्धिघटक यांसारखी प्रथिने जनुकीय तंत्राने सूक्ष्मजीवांकडून बनवून घेता येतात. त्यांपैकी एफजीएफ-२ हे ३७ अंश सेल्सिअसला लवकर निष्क्रिय होते, त्यामुळे त्याची उष्णतेत टिकणारी रूपे घडवण्यात आली आहेत. खरी अडचण अल्ब्युमिनची आहे, कारण वृद्धिघटक अत्यल्प पुरतात, हे मात्र पुष्कळ लागते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये, मानवी मूलपेशींसाठी तयार झालेल्या ‘बी८’ माध्यमात असे कृत्रिमरीत्या बनवलेले अल्ब्युमिन मिसळून ‘बीफी-९’ हे माध्यम सिद्ध केले आणि त्यात गाईच्या स्नायूंतील मूलपेशी वाढवल्या. पुढे त्याच गटाने अल्ब्युमिनच्या जागी रेपसीड या मोहरीवर्गीय तेलबियांच्या पिकाच्या बियांतील प्रथिने वापरून दाखवली. हा मार्ग मला सर्वांत आशादायक वाटतो, कारण ही प्रथिने तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीतूनही मिळू शकतात.

प्रश्न: सीरम बंद करताच आमच्या पेशी तळापासून सुटतात. काय करावे?

उत्तर: प्रथम पात्राच्या तळाला व्हिट्रोनेक्टिन किंवा लॅमिनिन या पेशींना धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचा लेप द्यावा. अल्ब्युमिन पेशी चिकटण्यात अडथळा आणू शकते, म्हणून ते पेशी पसरल्यानंतर, दुसऱ्या दिवशी घालावे. वाढलेल्या पेशी तळापासून सोडवण्यासाठी ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर वापरत असाल, तर पूर्वी त्याला आवर घालण्याचे काम सीरमच करत होते हे ध्यानात घ्यावे; आता सोयाबीनपासून मिळणारा ट्रिप्सिनरोधक वापरावा. सीरमचे प्रमाण टप्प्याटप्प्याने निम्मे करत आणावे, आणि सरावलेल्या पेशी अजूनही एकमेकींत मिसळून स्नायुतंतू बनवतात का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्न: विक्रीची परवानगी मिळालेले मांस सीरममुक्तच असते ना?

उत्तर: तसे गृहीत धरू नये. डिसेंबर २०२० मध्ये सिंगापूरने परवानगी दिलेल्या पहिल्या संवर्धित कोंबडीच्या मांसासाठी सीरम वापरले जात होते. सीरमविरहित माध्यमासाठीची मान्यता ते मांस बनवणाऱ्या कंपनीला २०२३ मध्ये मिळाली. शिवाय सीरम नसले तरी डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले ट्रिप्सिन प्रक्रियेत असू शकते, म्हणून उत्पादकाला या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात.