बांगलादेशी लेखिका तस्लिमा नसरीन खरंच डॉक्टर होत्या का? मग डॉक्टरकी का सोडली?

हो, त्या रीतसर एमबीबीएस डॉक्टर होत्या, आणि नोकरी सुटली ती लिखाणापायी. १९८४ साली मैमनसिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी, मग सरकारी नोकरी: आधी कुटुंबनियोजन, स्त्रीरोग विभाग, पुढे ढाक्यात भूलतज्ज्ञांच्या विभागात. बलात्कार झालेल्या लहान मुली तपासायला येत. प्रसूतिगृहात मुलगी झाली म्हटल्यावर बाळंतिणीच हंबरडा फोडत. हे सगळं त्यांच्या स्तंभलेखनात थेट उतरलं, आणि त्या स्तंभांच्याच पुस्तकाला १९९२ चा, बंगाली साहित्यासाठीचा आनंद पुरस्कार मिळाला. त्यांच्या सांगण्यानुसार १९९३ मध्ये सरकारने स्पष्टच बजावलं, नोकरी हवी तर लिहिणं बंद. त्यांनी राजीनामा दिला.

फक्त एक दुरुस्ती. ‘लज्जा’मुळे त्यांना देश सोडावा लागला असं सर्रास सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. त्या कादंबरीवर १९९३ मध्ये बंदी आली, फतवाही निघाला. पण १९९४ चं अटक वॉरंट निघालं ते कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये छापून आलेल्या मुलाखतीवरून. कुराणात बदल करा असं त्या म्हणाल्याचं त्यात होतं. त्यांचं म्हणणं, मी शरियतबद्दल बोलले होते. दोन महिने लपून काढल्यावर त्या स्वीडनला गेल्या. तरी लेखणी काही थंडावली नाही. कविता, कादंबऱ्या, आत्मचरित्राचे खंडच्या खंड. त्यातल्या ‘द्विखंडित’वर तर २००३ मध्ये पश्चिम बंगाल सरकारनेच बंदी घातली, जी कोलकाता उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उठवली.