आजीच्या रेघा पुसू नका

पत्र : माझी मुलगी सोलापुरात बारावीला आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी अर्ज करतेय. वर्गात सध्या जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही राजकीय कादंबरी शिकवतात. त्या नादात तिने अर्जाच्या निबंधात माझ्या आईच्या विड्या वळण्यावर लिहिलंय. मला ते राजकारणाचं वाटतं आणि कमीपणाचंही. लोक काय म्हणतील? चार हुतात्म्यांवर लिही म्हटलं, ऐकत नाही. शेवटी एका सल्लागाराकडून नेतृत्वगुणांवर निबंध लिहून घेतला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. दोन्ही निबंध पाठवतोय. कोणता द्यावा? – एक वडील

नमस्कार,

सल्लागाराचा निबंध देऊ नका. अर्ज पाठवताना ‘यातला मजकूर माझाच आणि खरा आहे’ असं तिला स्वतःच्या नावाने कबूल करावं लागतं. अठराव्या वर्षी तिच्याकडून खोटी सही घेऊ नका. या निबंधाविषयी मला एवढंच म्हणायचंय.

तिचा निबंध मात्र मी दोनदा वाचला. तुमची आई दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायची. संध्याकाळी माल द्यायला गेली की तपासणारा मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा आणि वहीत आकडा कमी लिहायचा. आईंना लिहिता येत नव्हतं. म्हणून त्या चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायच्या, शंभर विड्यांना एक. दिवाळीला घराला चुना दिला, तेव्हा तेवढी भिंत त्यांनी सोडायला लावली. हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर झालेलं आहे. तुमच्या लेकीला ते आजीकडून कळलं, तुमच्याकडून नाही. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

आता कादंबरीचं. त्यातला विन्स्टन स्मिथ ‘सत्य मंत्रालया’त नोकरीला आहे. जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर सत्तेला सोयीचा करून घ्यायचा आणि मूळ कागद भट्टीत घालायचा, हे त्याचं काम. हे शिकत असताना तुमच्या मुलीला चुलीमागची भिंत आठवली. वहीतला आकडा एक, भिंतीवरचा दुसरा. प्रश्नोत्तरं पाठ करणारी मुलं माझ्याकडे रोज येतात. पुस्तक वाचता वाचता स्वतःच्या घरात शिरणारं मूल वर्षाकाठी एखादंच भेटतं. आणि तुम्ही काय केलंत? तिने लिहिलेलं काढून सोयीचा मजकूर घातलात. तुमचा हेतू चांगला होता, हे मला मान्य आहे. पण ती का बोलत नाही, हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं.

एक गैरसमज मात्र नीट दूर केला पाहिजे, कारण बरेच पालक तो धरून बसतात. निबंधात राजकीय काही आलं की प्रवेश हुकतो, हे खरं नाही. कुठल्या पक्षाचा प्रचार केला किंवा कुणाला शिव्या घातल्या, तर वाचणाऱ्याला त्यातून मुलाविषयी काही कळत नाही आणि निबंध वाया जातो. पण कष्टाचा हिशेब कोण लिहितं, हा प्रश्न विचारणं म्हणजे विचार करणं, आणि कॉलेजांना तेच बघायचं असतं. तुम्ही सुचवलेल्या विषयाचंच बघा. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. ते राजकारण नव्हतं का? त्याला नव्वद वर्षं उलटून गेली आणि चौकात पुतळे उभे राहिले, म्हणून ते आज बिनधोक वाटतं. विडी कामगार बायका तर आजही तुमच्या शहरात पानं कापताहेत.

तिच्या निबंधात एक दोष आहे, तो तिला माझं नाव घेऊन सांगा. अर्ध्याहून जास्त जागा तिने कादंबरीचं कथानक सांगण्यात घालवली आहे. मर्यादा ६५० शब्दांची. वाचणाऱ्याला ऑर्वेल माहीत असतो. त्याला माहीत नाही ती तुमची भिंत. कादंबरीला तीन-चार ओळी पुरेत. शेवटचा ‘मला समाज बदलायचा आहे’ हा परिच्छेदही काढू दे, तो तिचा वाटतच नाही. कोळसा, सूप, तपासणाऱ्याचा हात, यावर तिला आणखी लिहू दे. इंग्रजी साधं आहे, तसंच राहू दे.

बाकी थोडक्यात. दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तोही फॉर्म भरून ठेवा. अमेरिकेत परदेशी मुलांनी आर्थिक मदत मागितली की बहुतेक कॉलेजं निवड करतानाच ती गोष्ट विचारात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकीच कॉलेजं ती विचारात घेत नाहीत. म्हणून फक्त तिकडच्या आशेवर राहू नका.

आज संध्याकाळी एक करा. लेकीला तो निबंध आजीसमोर मराठीत वाचून दाखवायला सांगा आणि तुम्हीही तिथे बसा. रेघ शंभराला होती की पन्नासला, हे आजीच सांगतील. चुकलं असेल तर दुरुस्त होईल. आपल्याविषयीचं हे परक्या देशात पाठवायचं की नाही, तेही त्यांनाच विचारा. त्या नको म्हणाल्या, तर मला कळवा, आपण तिघं मिळून दुसरा विषय शोधू. त्या हो म्हणाल्या, तर तुमची हरकत मागे घ्या.