एकेका मॅपची किंमत वाचताना

प्रिय विद्यार्थी मित्रा,

काउंटर-स्ट्राइक या पाच-पाच खेळाडूंच्या संगणकीय नेमबाजी खेळाच्या सामन्यांत एकेका मॅपच्या, म्हणजे ज्या आभासी मैदानावर डाव खेळला जातो त्याच्या, निकालावर चालणाऱ्या भाकीत-बाजारांविषयी तू विचारले आहेस. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला या विषयाची भुरळ पडणे स्वाभाविक आहे, परंतु कायद्याची बाजू आधी सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने ई-स्पोर्ट्सला (स्पर्धात्मक व्हिडिओ गेमला) मान्यता दिली आणि पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. त्यामुळे पुढचे सारे अभ्यासापुरते आहे, खिशात हात घालण्यासाठी नाही.

अशा बाजारात निकालावरचे करार विकले जातात. संघ जिंकल्यास एक डॉलर देणारा करार ६३ सेंटला मिळत असेल, तर बाजाराच्या मते विजयाची शक्यता सुमारे ६३ टक्के आहे. नवशिक्याची गफलत होते ती ही शक्यता कशाची, हे न पाहिल्यामुळे. तीन मॅपच्या सामन्यात दोन्ही संघ आधी एकेक मॅप बाद करतात, मग एकेक निवडतात, पुन्हा एकेक बाद करतात आणि ठरलेल्या सात मॅपपैकी उरलेला शेवटचा मॅप निर्णायक ठरतो; या निवडीलाच व्हेटो म्हणतात. समज, एखाद्या संघाची स्वतः निवडलेल्या मॅपवर जिंकण्याची शक्यता ७० टक्के, प्रतिस्पर्ध्याने निवडलेल्या मॅपवर ४५ आणि निर्णायक मॅपवर ६० टक्के आहे. तिन्ही निकाल एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर पहिले दोन्ही मॅप जिंकण्याची शक्यता ३१.५ टक्के आणि बरोबरीनंतर तिसरा जिंकण्याची ३१.२ टक्के, म्हणजे संपूर्ण सामन्याची शक्यता जवळपास ६३ टक्के येते. सामन्यात वरचढ असलेला हाच संघ प्रतिस्पर्ध्याने निवडलेल्या मॅपवर मात्र दुबळा आहे. म्हणून संघाच्या नावलौकिकावरून मॅपचा आकडा काढू नकोस. आधी व्हेटो पाहा, तिथल्या मागील निकालांत आजचेच पाच खेळाडू होते का ते तपास, आणि तिसरा मॅप खेळलाच गेला नाही तर त्या कराराचे काय होते, तो नियम वाच.

चालू मॅपची किंमत वाचणे याहून कठीण आहे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये १२-१२ अशी बरोबरी झाली नाही, तर तेरा फेऱ्या आधी जिंकणारा संघ मॅप घेतो आणि बारा फेऱ्यांनंतर हल्ला व बचाव या बाजू बदलतात. न्यूकसारख्या, बचाव करणाऱ्या सीटी बाजूला परंपरेने अनुकूल मानल्या गेलेल्या मॅपवर त्या बाजूने मध्यंतरापर्यंत मिळवलेली ८-४ ही आघाडी दिसते तेवढी मोठी नसते, कारण दुसऱ्या अर्धात तीच सोय प्रतिस्पर्ध्याला मिळते. शिवाय थेट प्रक्षेपण काहीसे उशिरा पोहोचते, त्यामुळे पडद्यावर फेरी संपण्याआधीच किंमत हललेली दिसेल. ज्याच्याकडे वेगवान माहिती आहे तो तुझ्या पुढेच असतो, आणि हुशारीने ही दरी भरून निघत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. संपूर्ण सामना हरणे संघाला महाग पडते. एखादा मॅप सोडून सामना जिंकणे मात्र शक्य असते, म्हणून मॅपच्या बाजाराला गैरप्रकाराची लागण अधिक सहज होऊ शकते. ही भीती काल्पनिक नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये आयबायपॉवर हा अमेरिकी संघ नेटकोडगाइड्सविरुद्ध मुद्दाम हरला, त्यामागे स्किन्सच्या, म्हणजे खेळातील शस्त्रांच्या सजावटी आवरणांच्या, पैजा होत्या, आणि जानेवारी २०१५ मध्ये खेळाची निर्माती कंपनी व्हॉल्व्हने संबंधितांना आपल्या स्पर्धांतून वगळले. करिअरला खीळ घालणाऱ्या त्या पैजा रोख पैशांच्या नव्हे, स्किन्सच्या होत्या, हे विसरू नकोस.

अभ्यास करायचा तर वही ठेव. प्रत्येक मॅपसाठी व्हेटोपूर्वी एक आणि व्हेटोनंतर एक अशी दोन भाकिते, बाजाराची किंमत पाहण्याआधीच, लिही. निकाल लागल्यावर भाकीत आणि निकाल (खरे ठरल्यास १, खोटे ठरल्यास ०) यांतील फरकाचा वर्ग काढ : सत्तर टक्के म्हटलेले खरे ठरले तर ०.०९, खोटे ठरले तर ०.४९. सगळीकडे डोळे झाकून पन्नास टक्के लिहिणाऱ्याची सरासरी ०.२५ येते, आणि तुझी सरासरी त्याहून कमी यायला हवी. दोन्ही प्रकारच्या भाकितांच्या सरासऱ्या वेगवेगळ्या ठेव आणि पुढच्या पत्रासोबत पाठव. व्हेटोची माहिती तुझ्या हाती किती उपयोगी पडते, हे त्यांतील फरकावरून पाहता येईल.

तुझा हितचिंतक