दुर्बीण नंतर, आधी अल्गोल

बापू, दुर्बिणीची घाई करू नको. तुझ्या वावराच्या धुऱ्यावरचा अंधार नागपुरात पैसे देऊनही मिळत नाही.

सुरुवात ययाती तारकासमूहातल्या अल्गोल या ताऱ्यापासून कर. दर सुमारे २ दिवस २१ तासांनी त्याचा मंद जोडीदार आड येतो आणि त्याची प्रत (तेजाचा आकडा; तो जितका मोठा, तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते. नुसत्या डोळ्यांना कळतं! शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना कर, वेळेसह लगेच वहीत टाक.

नवखे इथे चुकतात:
- मधेच मोबाईल बघतात. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, तो क्षणात वाया जातो. मंद लाल बॅटरी वापर. निळसर उजेडानं शरीराचं घड्याळही बिघडतं.
- ‘आज मंद असायला हवा’ म्हणून मंद लिहितात. दिसलं तेच लिही.

रात्री ओलिताची पाळी असेल, तर दुसऱ्या दिवशी मात्र झोप काढ.